फरशी हेच मांजराचं ताट

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी एक साधी मागणी मांडली होती. जिने आणि पार्किंग पुसायला पाच लिटरच्या कॅनमधून जे सुट्टं, बिनलेबलचं फिनेल येतं ते बंद करावं. लेबल असलेलं आणावं, लेबलावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावं, पुसून झाल्यावर साध्या पाण्याचा एक हात फिरवावा. आणि उंदरांचं विष पार्किंगच्या कोपऱ्यात उघडं टाकू नये. मागणी पाच मिनिटांत निकालात निघाली. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो ताई, मांजराची जात हुशार. वासावरून त्याला सगळं कळतं. विष ते तोंडात घेत नाही." माना डोलल्या आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय पुढे आला.

काकांविषयी मला आदर आहे. गेल्या पावसाळ्यात गेटपाशी भिजलेल्या तीन पिल्लांसाठी खोका आणि जुनी चादर त्यांनीच आणून दिली होती. मांजरांचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनातही येणार नाही. पण त्यांचं ते वाक्य मी नाशिकच्या गंगापूर रोडवर घरोघरी ऐकलं आहे, आणि ते चुकीचं आहे. त्याच्या भरवशावर आपण रोज सकाळी मांजरांच्या वाटेत विष पसरतो. सभेत जे बोलायला वेळ मिळाला नाही ते म्हणून इथे लिहिते.

माझी मांजर मनी पाच वर्षांची. दार उघडं दिसलं की जिन्यात जाऊन चौथ्या पायरीवर बसायची तिची सवय. एके दिवशी जिना नुकताच पुसलेला होता, अजून ओला होता. पंधराएक मिनिटांनी ती घरात आली, गॅलरीतल्या उन्हात बसली आणि नेहमीसारखी एकेक पंजा चाटून साफ करू लागली. संध्याकाळपर्यंत मला काही जाणवलं नाही. रात्री तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागली. भूक लागलेली दिसत होती, पण वाटीपर्यंत जाऊन ती परत फिरत होती. सकाळी डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. जिभेच्या टोकाचं आणि कडांचं कातडं सोलून निघालं होतं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "फरशी कशाने पुसता?" पुढे सहा दिवस मी तिला सिरिंजने पातळ खाणं भरवलं. ती वाचली.

मनीच्या तोंडात ते द्रव्य गेलं ते तिच्या स्वतःच्या पंजांवरून. तिने बाटलीला तोंड लावलं नव्हतं, वाटीतलं काही प्यायलं नव्हतं. काकांचा सगळा युक्तिवाद मांजर विष खातं की नाही या प्रश्नाभोवती फिरतो आणि तिथेच तो फसतो. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, फवारा मारलेल्या ओट्याखाली लोळतं, पंजे आणि केस ओले करून घेतं आणि मग ते सगळं चाटून काढतं. जागेपणीचा मोठा वेळ त्याचा अंग चाटण्यात जातो. त्याच्या जिभेवरचे बारीक काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे जिभेला चिकटलेलं थुंकून टाकणं त्याला जवळजवळ अशक्य असतं. जे जिभेवर आलं ते पोटात गेलं.

आता वासाचं. मांजराला फिनेलचा वास येतो, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. पण अंगाला परका वास लागला की मांजर काय करतं? तो जाईपर्यंत चाटत राहतं. काकांना जो वास मांजराचा पहारेकरी वाटतो, तोच त्याला विष अधिक चाटायला लावतो. काही मांजरांना तर ब्लीचच्या वासाची ओढच असते, पुसलेल्या जागी जाऊन ती अंग घासतात. मांजर पाळणाऱ्या कित्येकांनी हे पाहिलेलं असेल.

मांजराच्या वाटेत असं विष पसरल्याची किंमत एका सबंध प्रदेशाने मोजली आहे. 1950 च्या दशकात बोर्निओ बेटावर सारावाकमध्ये हिवतापाचे डास मारण्यासाठी घरांच्या भिंतींवर आतून डीडीटी फवारलं गेलं. मांजरं त्या भिंतींना अंग घासत आणि नंतर केस चाटत. ती मेली. मांजरं गेली तशी उंदरांची चिंता वाढली आणि 1960 साली ब्रिटिश हवाई दलाच्या विमानातून बारिओ या दुर्गम भागात पॅराशूटने मांजरं उतरवावी लागली. या गोष्टीला पुढे बऱ्याच दंतकथा चिकटल्या, त्या मी सोडून देते. भिंतीवरचं केसांवर आणि केसांवरचं पोटात, एवढीच साखळी मला दाखवायची आहे. आमच्या जिन्यातली साखळी तीच आहे.

सभेतलं दुसरं वाक्य तळमजल्यावरच्या काकूंचं. "चाळीस वर्षं आम्ही हेच फिनेल वापरतोय, माझी दोन मुलं याच फरशीवर रांगली. कोणाला काही झालं नाही." काकूंचं म्हणणं खरं आहे, पण ते माणसांच्या मुलांबद्दल आहे. मांजराचं यकृत माणसाच्या यकृतासारखं नाही. अडाणी समजुतीने मी भीती पसरवते आहे असं कोणी म्हणू नये, म्हणून हे जरा तपशिलात सांगते.

काळं फिनेल डांबरातून निघणाऱ्या फेनॉल जातीच्या पदार्थांपासून बनतं. कपाटातल्या तपकिरी जंतुनाशकातलं क्लोरोझायलेनॉल हेही फेनॉलच्याच घराण्यातलं. असा पदार्थ शरीरात गेला की माणसाचं यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देतं. जोड मिळाली की तो पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. ही जोड देणारं जे मुख्य विकर, ते बनवणारं जनुक मांजरात मोडकं आहे. आहे, पण काम करत नाही. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने हा बिघाड 3.5 कोटी ते 1.1 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात मार्जारकुळात कायमचा रुजला. निव्वळ मांसावर जगणाऱ्या या प्राण्यांच्या पोटात वनस्पतींमधली विषं फारशी जातच नव्हती, म्हणून त्या जनुकावाचून त्यांचं अडलं नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. आज जिवंत असलेल्या मार्जारकुळातल्या सगळ्याच जातींत हे जनुक निकामी आहे. गंगापूर रोडच्या वस्तीत मळ्यांतून शिरणाऱ्या बिबट्याची बातमी आली की आपण दारं लावून घेतो. त्या बिबट्याच्या यकृतात जी उणीव आहे तीच माझ्या मनीच्या यकृतात आहे. फक्त बिबट्या आपला जिना पुसलेला असताना त्यावर बसत नाही.

फेनॉलवर विश्वास बसत नसेल तर तापाची गोळी घ्या. 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी साठ किलोच्या माणसाला किलोमागे आठेक मिलिग्रॅम पडते आणि ताप उतरवते. तीच गोळी चार किलोच्या मांजराला किलोमागे 125 मिलिग्रॅम पडते. मांजराचं यकृत ती काढून टाकू शकत नाही, तिच्यातून तयार होणारे घातक घटक रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. तापलेल्या मांजराला कळवळ्याने अर्धी गोळी देणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. तरी एका घरातलं मांजर त्याच गोळीने गेलं.

काकूंना मला आणखी एक सांगायचं आहे. माणसाच्या बाळाच्या यकृतातही ही जोड देण्याची ताकद जन्मतः अपुरी असते, म्हणून तर कित्येक बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नवजात कक्षांत नेहमीपेक्षा जास्त बाळांना कावीळ होऊ लागली. शोध घेतला तेव्हा बोट फेनॉलयुक्त जंतुनाशकाकडे गेलं. काकूंची मुलं सुखरूप राहिली याचा मला आनंद आहे. पण 'कोणाला काही झालं नाही' हे वाक्य सगळ्या यकृतांना लागू पडत नाही, माणसांच्यासुद्धा.

तिसरा आक्षेप तरुण मंडळींकडून आला. रसायनं नकोत तर नैसर्गिक वापरू: पाइन तेल, निलगिरी, कापूर, सुगंधी तेलांचे दिवे. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते चांगल्या हेतूने येतं आणि त्यामुळे कोणी तपासत नाही. सुगंधी तेलंही शेवटी रसायनंच आहेत. त्यातल्या कितीतरी घटकांना वाट काढून द्यायला मांजराला तेच अपुरं यकृत वापरावं लागतं. टी ट्री तेल पातळ न करता अंगाला चोळल्यामुळे मांजरं लटपटू लागल्याच्या, बेशुद्ध पडल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइन तेलच असतं. पाण्यात टाकल्यावर जे द्रव्य दुधासारखं पांढरं होतं, त्याच्यापासून मांजराला दूर ठेवा, मग बाटलीवर पानाफुलांचं चित्र असो नाहीतर नसो. आणि 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे ज्याला पटत असेल त्याने फुलवाल्याकडच्या गुच्छातल्या मोठ्या सुवासिक लिलीचं पान मांजराच्या जवळ येऊ देऊ नये. त्या लिलीचं पान, फूल, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड काही दिवसांत निकामी करतं. वाढदिवसाचा गुच्छ टेबलावर ठेवताना हे आपल्या मनातही येत नाही.

पिसवांच्या औषधाचं मी सभेत बोलले नव्हते, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन फार तीव्र प्रमाणात असतं. कुत्रा ते सहज सहन करतो. तेच थेंब 'थोडेसेच' म्हणून मांजरावर टाकले की काही तासांत त्याचं अंग थरथरू लागतं, मग झटके. घरात कुत्रा आणि मांजर एकत्र झोपत असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवावं लागतं. डासांसाठी भिंतीत लावायच्या यंत्राला मी विरोध करत नाही. त्यातलं प्रमाण अल्प असतं आणि नाशिकला डेंग्यूची भीती खरी आहे. झुरळांच्या फवाऱ्याचं तसं नाही. तो ओट्याखाली मारून मांजराला लगेच स्वयंपाकघरात सोडणं म्हणजे त्याचे पंजे त्यात बुडवणंच आहे.

गंगापूर रोडचं रूप माझ्या डोळ्यांदेखत बदललं. आनंदवल्लीच्या पुढे सोमेश्वरपर्यंत द्राक्षांच्या बागा होत्या, जुन्या घरांना मागे परसं होती, कितीतरी घरांत जमीन शेणाने सारवलेली असे. भांडी राखेने घासत. मांजर धान्याच्या कोठीपाशी राही आणि त्याचा उपयोग घरातल्या सगळ्यांना माहीत असे. आता त्याच जागी सात मजली इमारती उभ्या आहेत आणि एकेका स्वयंपाकघराच्या सिंकखाली आठ-दहा बाटल्या. संडासाचं आम्ल, ब्लीच, काचेचं, टाइल्सचं, नळी मोकळी करायचं, झुरळांचं. कपड्यांच्या कपाटात डांबर गोळ्या, त्याही मांजराच्या रक्तपेशी फोडतात. गाडीच्या रेडिएटरमधून गळणारं शीतक पार्किंगच्या फरशीवर. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चार किलोच्या मांजराला सहा मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या सव्वा चमच्याएवढं, पुरतं. मांजर तेच आहे, त्याचं यकृत तेच आहे. बदललं ते आपलं घर.

सभेचा शेवटचा आक्षेप सगळ्यात मोठ्याने मांडला गेला. "माणसांची स्वच्छता मोठी की मांजर?" यावर टाळ्याही पडल्या. मी स्वच्छतेच्या विरोधात एक अक्षर बोलले नव्हते. गरम पाणी आणि साबण यांनी जिना स्वच्छ होतो. जंतू मारायचेच असतील तर पातळ केलेलं ब्लीच वापरून, थोडा वेळ ठेवून, साध्या पाण्याने पुसून घ्यावं आणि वाळेपर्यंत तिथे कोणाला जाऊ देऊ नये. मात्र संडासाचं आम्ल आणि ब्लीच एकत्र ओतू नये, त्यातून क्लोरीनचा वायू निघतो आणि तो मांजर आणि माणूस असा भेद करत नाही. फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, ही आपली सवय आहे. घाण गेली की नाही हे त्या वासावरून कळत नाही.

शिवाय या प्रश्नात माणसं नाहीत हे कोणी ठरवलं? आमचे जिने पुसणाऱ्या ताई तेच बिनलेबलचं फिनेल अंदाजाने बादलीत ओततात, हातात मोजे नसतात. त्यांच्या बोटांची कातडी सुटलेली मी पाहिली आहे. त्यांना दोष द्यायचा नाही. प्रमाण लिहिलेली बाटली आपणच त्यांच्या हातात कधी दिली नाही.

मांजर विषाची खबर माणसाच्या आधी देतं, हे जपानमध्ये मिनामाताच्या खाडीवर दिसलं होतं. तिथल्या कोळीवस्तीतली मांजरं गोल गोल फिरत, झटके येऊन पडत, समुद्रात बुडून मरत. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. 1956 च्या मे महिन्यात माणसांचा आजार पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदवला गेला. 1959 साली त्या खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न एका मांजराला घातलं आणि त्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला. सरकारने कारण मान्य करायला 1968 उजाडलं. तोवर सांडपाणी त्या खाडीत जातच राहिलं. आमचा जिना म्हणजे मिनामाता आहे असं मी म्हणत नाही. घरातलं सगळ्यात लहान आणि जमिनीला सगळ्यात जवळचं शरीर मांजराचं असतं, एवढं मी म्हणते. त्याच्या जिभेवर जखमा दिसल्या तर तिथेच रांगणाऱ्या बाळाच्या हातांचा विचार करायला नको का?

उंदरांच्या विषाबद्दल सेक्रेटरी म्हणाले की ते मांजरासाठी ठेवलेलं नाही. मान्य. पण झिंक फॉस्फाइडची गोळी खाऊन लटपटणारा उंदीर हीच मांजरासाठी सगळ्यात सोपी शिकार असते. रक्त गोठू न देणाऱ्या विषाचा परिणाम तर मांजरावर काही दिवसांनी दिसतो, तेव्हा कारण कोणाला आठवतही नाही. मांजर मेलं की उरलेल्या उंदरांना रान मोकळं. जाणूनबुजून विष घालणाऱ्यासाठी कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदाही आहे. आमच्या सोसायटीत कोणी जाणूनबुजून विष घालत नाही, म्हणून मी पोलिसांकडे गेले नाही, सभेत बोलले.

आणि कृपा करून एक घरगुती सल्ला देणं थांबवा: "दूध पाजा", "मिठाचं पाणी घालून उलटी काढा". मनी आजारी पडली त्या रात्री मला हा सल्ला चौघांनी दिला. आम्ल किंवा फिनेल उलटीतून वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. मिठाचं पाणी स्वतःच विषारी ठरतं. जबरदस्तीने ओतलेलं दूध फुप्फुसात जातं. अंगाला काही लागलं असेल तर आधी टॉवेलात गुंडाळून चाटणं थांबवावं, कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने केस धुवावेत, आणि बाटली, नाहीतर लेबलचा फोटो घेऊन तडक पशुवैद्याकडे जावं. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, शीतकावर आहे, रक्त पातळ करणाऱ्या विषावरही आहे. ते सगळे वेळेत दिले तरच चालतात. लक्षणं दिसल्यावरही सकाळ होऊ देणं ही माझी चूक होती. मनीचं नशीब चांगलं म्हणून ती निभावली.

पुढची सभा दिवाळीनंतर आहे. मागणी मी पुन्हा मांडणार आहे, त्याच शब्दांत. तोपर्यंत काका, तुम्हाला एक विनंती. उद्या सकाळी जिना पुसून झाल्यावर खाली या आणि जिन्याखालचा तो पाच लिटरचा कॅन फिरवून बघा. त्याच्यावर काय लिहिलं आहे ते मला वाचून दाखवा. मी पाहिलं आहे, त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही.